इंजिनाचं हँडल

वच्छलाचं धान निसवायला, लोंब्या टाकायला आलं होतं आणि शेताच्या बांदीला भेगा पडल्या होत्या. खाली बोडीत, लहानशा तळ्यात, पाणी होतं, पण ते वर चढवणार कोण? सौरपंप फुकटात चढवील, असं सांगून मुंबईच्या एका बिस्किट कंपनीने तिच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, काचेच्या पाट्या उभ्या केल्या. कंपनीला धानाचा कळवळा आला होता अशातला भाग नाही. पंप सप्टेंबर सरायच्या आत चालला तर पूर्ण किमतीवर करात सूट होती, नंतर चालला तर निम्मीच. म्हणून महिन्याच्या शेवटच्या दिवशी कंपनीचे साहेब फोटोवाल्याला घेऊन हजर झाले.

आभाळ गच्च होतं. "ऊन नाही, त्याला आपण काय करणार?" म्हणत साहेबांनी चामोर्शीच्या कय्यूम मिस्त्रीचं भाड्याचं डिझेल इंजिन पळसाआड लावलं. पाणी धो-धो पडलं. साहेबांनी पाट्यांकडे बोट दाखवत, छाती काढून फोटो काढून घेतला. असल्या माणसांना लाज कुठून असणार? वच्छलाला मात्र लबाडीचं काही वाटलं नाही. पाणी पाहून तिचा जीव भांड्यात पडला.

"बंद कर रे," साहेब म्हणाले. "पुढच्या गावचा फोटो राहिलाय."

"अन् माह्यं धान?"

"उद्या ऊन पडलं की पंप चालेल, बाई."

इंजिन थांबवता थांबवता कय्यूम हळूच म्हणाला, "वच्छलाबाई, पंपाले मोटरच नाई. ऊन पडून काय होते?"

वच्छलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाजूला पडलेलं इंजिनाचं हँडल तिने उचललं. त्याच्याशिवाय इंजिन पुढच्या गावीही सुरू होणार नव्हतं.

"कय्यूमभाऊ, इंजिन चालू करून देजा. मंग हँडल माह्याजवळ. बांदी भरली का देतो."

"ही चोरी आहे," साहेब ओरडले. "पोलिसांना बोलावीन."

"बोलवा. त्यायले तुमचा पंपबी दाखवू."

साहेब जीपमध्ये जाऊन बसले. कय्यूमने तिच्याकडून हँडल घेऊन इंजिन फिरवलं आणि हँडल परत तिच्या हाती दिलं. ते मांडीवर घेऊन ती धुऱ्यावर बसली.

दिवस कलायला आला तेव्हा बांदी काठोकाठ भरली होती. आणि तेव्हाच ढग फाटले. पाट्या लखलखल्या.

वच्छलाने हँडल कय्यूमला दिलं आणि जीपपाशी गेली.

"साहेब, ऊन पडलं. चालवा आता तुमचा पंप."

साहेबांनी काच वर केली.