अर्जांच्या शिबिरातला कूलर

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना कूलर आहे. आधीच सांगून टाकतो, माझा आवाज फार मोठा आहे. त्या आवाजापायी मी इतकी बोलणी खाल्ली आहेत, की आता त्याचं काही वाटत नाही. वाईट वाटतं ते एका मुलीचं. तिच्यासाठीच आज बोलतो आहे.

माझा जन्म नशिराबादचा, हायवेलगतच्या एका शेडमधला. अमीनभाई नावाच्या कारागिरानं पत्रा कापला, वाकवला, रिबिटा ठोकल्या आणि मला निळा रंग दिला. जळगावच्या एका वाचनालयानं मला सभागृहासाठी घेतलं. पहिली पाच-सहा वर्षं माझा रुबाब होता. व्याख्यान असो की रक्तदान, लोक आधी माझ्यासमोरची खुर्ची पकडायचे. मग तिथं एसी आला आणि माझी रवानगी गॅलरीत झाली. माझ्या टाकीत झाडू ठेवू लागले. एसी बिघडून बंद पडला, तरी माझी कोणाला आठवण झाली नाही. चार वर्षं तेलाचा थेंब मिळाला नाही.

गेल्या एप्रिलात मला एकदम आत ओढलं. सभागृहात शिबिर भरणार होतं. बारावीची परीक्षा दिलेल्या मुलांना बाहेरच्या मोठ्या कॉलेजांचे अर्ज भरायला सहा आठवड्यांत तयार करायचं होतं. शिकवणार ज्योत्स्नाताई. त्या इथल्याच, पण बंगळूरला शिकून आलेल्या. मुलं एकोणीस, कोणी बोदवडहून रेल्वेनं, कोणी भुसावळहून बसनं येणारी. बाहेर पारा चव्वेचाळीसवर.

मला चालू केलं की ताईंचं बोलणं मागच्या रांगेला ऐकू जाईना. बंद केलं की घामानं कागद ओले व्हायचे. "हाऊ कूलर शे का ट्रॅक्टर शे?" वाचनालयाचे शिपाई निंबा नाना रोज विचारायचे. दिवसातून वीस वेळा माझं बटण दाबलं जायचं. मी पुरता वैतागलो होतो. पण माझ्याहून वैतागलेली एक मुलगी समोरच बसायची.

ती तहरीम, अमीनभाईंची थोरली. दूरच्या एका विद्यापीठात पूर्ण शिष्यवृत्ती होती, तिच्यावर तिचा डोळा होता. तिथं गेली तरच पुढचं शिक्षण मनासारखं होणार होतं. दहावी-अकरावीचे गुण चांगले होते. घोडं अडलं होतं निबंधावर. 'स्वतःविषयी लिहा,' एवढंच अर्जात म्हटलं होतं. ताईंनी सांगितलं होतं, आधी मराठीत लिहा, मग इंग्रजीत करू.

तहरीमनं लिहिलं, मला समाजाची सेवा करायची आहे. ताईंनी खाली पेन्सिलीनं लिहिलं, 'यात तू कुठं आहेस?' तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा तोच प्रश्न. शेजारची हेमांगी म्हणाली, "अगं, गरिबी लिही. चालतं ते."

"आम्ही गरीब कुठं आहोत? अब्बूंची स्वतःची शेड आहे," तहरीम फणकारली.

सातव्यांदा निबंध परत आला तेव्हा तिनं कागद चुरगाळून फेकला. नेमका मी त्याच वेळी जोरात खडखडलो. ती ताडकन उठली, माझी पिन उपसली आणि निंबा नानांकडून पाना-पेचकस मागून माझी बाजूची जाळी काढली. "मोटरचा बुश कोरडा ठणठणीत! पातंही वाकलंय," ती माझ्यावरच ओरडली. मग तेल घातलं, पातं सरळ केलं, मोटरखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा सरकवला. गवताच्या जाळ्या धुऊन त्यांवर साचलेला क्षार काढला. अर्ध्या तासानं मी सुरू झालो, तेव्हा माझा आवाज निम्म्यावर आला होता.

"कुठं शिकलीस हे?" ताईंनी विचारलं.

"त्यात शिकायचं काय? सातवीपासून करते. जाळी पंख्यापासून किती लांब ठेवली की हवा जास्त गार येते, ते वहीत लिहून ठेवलंय. अब्बू आता त्या मापानंच बनवतात."

ताईंनी कपाळाला हात लावला. "मग सात वेळा मला समाजसेवा कशाला लिहून देत होतीस?"

"कूलरबद्दल कोणी लिहितं का, ताई?"

त्यानंतर दोन दिवसांत निबंध झाला. तो इंग्रजीत करायला आणखी चार दिवस लागले. शेवटच्या तारखेला अर्ज गेला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलाखतीचं बोलावणं आलं, ऑनलाइन, दुपारी तीन वाजता.

मुलाखतीसाठी मला बंद ठेवलं. लॅपटॉपच्या पडद्यावर तीन माणसं होती. त्यातल्या एकानं निबंध वर धरला आणि विचारलं, "हा तुम्हीच लिहिला, की एआयकडून लिहून घेतला?"

तहरीमचा चेहरा उतरला. पाठ केलेलं इंग्रजी तिनं बाजूला ठेवलं. मग ती हिंदीत म्हणाली, "सर, मैं दिखाती हूँ." तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला, जाळी काढली, पंखा हातानं फिरवून दाखवू लागली. ती भराभर समजावत होती. मागं वळून पाहिलं, तर पडदा गोठलेला. नेट गेलं होतं. ते परत येईपर्यंत तिची वेळ संपली होती.

तिचं नाव प्रतीक्षा यादीत लागलं, नववं. जुलैत यादी बंद झाली. तहरीमनं जळगावातच बीएस्सीला प्रवेश घेतला. अमीनभाई तिला घेऊन ताईंना भेटायला आले. ते एवढंच म्हणाले, "ताई, आमच्या पोरीनं खोटं लिहिलं नव्हतं." 

पुढचं तहरीमच बोलली, रागानं. "सहा आठवड्यांत नाही होत, ताई. मी कोण आहे, हे मला एप्रिलात पहिल्यांदा विचारलं गेलं. मग भीतीनं काहीही लिहिलं जातं. नववीपासून विचारायला हवं."

"पण शाळेतल्या मुलांसाठी रविवारी वर्ग घ्यावे लागतील, ते घेणार कोण?" ताईंनी विचारलं.

"मी घेते."

आता दर रविवारी सभागृहात नऊ मुली येतात. आठवड्यात काय केलं, काय चुकलं, हे एक पानभर लिहितात. तहरीम खाडाखोड करत नाही, पुढचा प्रश्न विचारते. पुढच्या वर्षीच्या फेरीसाठी तिचा स्वतःचाही अर्ज तयार होतो आहे.

मित्रांनो, रागावून सांगतो, पण ऐका. घरात कूलर असेल, तर मार्चमध्येच त्याला तेल घाला. आणि घरात शिकणारं लेकरू असेल, तर त्याला आजच जवळ बसवून विचारा, आज काय केलंस? ते सांगेल तेवढा वेळ मला खुशाल बंद करा.