शेळीपालनाच्या पुठ्ठ्यात

मी एक पुस्तक बोलतोय. पातळ, जेमतेम साठ पानांचं. सांगतो ते सगळं तसंच घडलं, अशी हमी मात्र देत नाही. माझ्या कडा कसरीनं खाल्ल्यात; आठवणींचंही तेच झालं असावं. काही आठवतं, काही मीच मनानं जुळवलं असेल.

जन्म सांगलीचा. तिथं कृष्णाकाठी जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवायचे. एका शाळामास्तरांनी पेवांत उतरणाऱ्या माणसांना भेटून त्यांची हकिगत लिहिली, तोच मी. पेवात हवा कोंडते, म्हणून आधी कंदील सोडायचा. तो विझला तर माणूस उतरवायचा नाही. हे मला पेवात उतरणाऱ्या तरण्या चांदसाहेबांनी सांगितलं. मला नव्हे, मास्तरांना.

पुढं मी साताऱ्याच्या एका ग्रंथालयात आलो. तिथं पातळ पुस्तकं दोन-तीन एकत्र बांधायची रीत होती. बायंडिंग एकच लागे, आणि पुठ्ठ्यावर नाव पहिल्या पुस्तकाचं. माझ्यापुढं शेळीपालन, मग कुक्कुटपालन, शेवटी मी. नोंदही शेळीपालनाचीच झाली. कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण तेव्हापासून मी असून नसल्यासारखा झालो.

बऱ्याच वर्षांनी नूरीन आली. सांगलीची, पीएच.डी. करणारी. सोबत तिचे नाना, म्हणजे आईचे वडील, तेच चांदसाहेब, आता काठी टेकत. पेवात उतरणाऱ्यांवर तिला एक प्रकरण लिहायचं होतं. छापील आधार नसेल तर ते गाळा, असं तिच्या मार्गदर्शकांनी बजावलं होतं.

ग्रंथपाल विश्वजीत यांनी संगणकावर शोधलं. "या नावाचं काही दाखवत नाही, मॅडम."

"आवं, छापलंय की! म्या सोत्ता बघितलंय. माझं नाव हाय त्यात."

"नाना, सांगलीतपण असंच म्हणाले."

"मग मी खोटं बोलतोय व्हय गं?"

"तसं न्हाई. पण सरांना पुस्तक लागतं, नाना. तुमी चालत न्हाई."

विश्वजीत भला माणूस. हळदीचं म्हणून त्यांनी शेतीचं कपाटच उघडून दिलं. चांदसाहेबांनी नेमका आमचाच गठ्ठा काढला, पुठ्ठा वाचला आणि हसले.

"हे घे. पीएच.डी. न्हाई झाली तर शेळ्या तरी राखशील."

"ठेवा ते. एस.टी. चुकंल."

त्यांची बोटं मागच्या बाजूला, म्हणजे माझ्यावर होती. मी त्यांना ओळखलं. निदान तसं वाटलं. पण उघडल्याशिवाय पुस्तकाला बोलता येत नाही. त्यांनी मला जागेवर ठेवलं.

आजही मी तिथंच आहे. पानं ठिसूळ झालीत, अजून किती टिकतील कोण जाणे. एवढीच विनंती आहे की, शोधायला आलात तर पुठ्ठ्यावर थांबू नका. शेवटच्या पानापर्यंत चाळा.

ती मुलगी खरंच मला शोधत होती की दुसऱ्याच कुठल्या पुस्तकाला, ही शंका मला कितीतरी वर्षं छळत होती. अखेर तिचा प्रबंध या ग्रंथालयात आला. विश्वजीत यांनी तो टेबलावर चाळला, काही ओळी पुटपुटत वाचल्या. पेवात उतरणाऱ्यांचं प्रकरण त्यात नाही. प्रस्तावनेत माझं पूर्ण नाव आहे, आणि पुढं एवढंच: ‘पुष्कळ शोधूनही मिळाले नाही. आता एकही प्रत उरलेली नसावी.’