थोरलीचा सांधा

जिन्याच्या कठड्याखालचा अकरावा स्क्रू काही केल्या फिरेना. मिस्त्रींनी त्यावर तेलाचे दोन थेंब सोडले, पेचकस बाजूला ठेवला आणि तिथेच पायरीवर बसले. शेजारी वही घेऊन उभ्या असलेल्या बाईंना म्हणाले,

“घाई केली की डोकं फिरतं. स्क्रूचं म्हणतोय मी.”

बाई हसल्या. त्या एका संग्रहालयाकडून आल्या होत्या. जहाज भंगारात निघालं होतं. पुढच्या आठवड्यात ते तोडणीच्या किनाऱ्याला ओढून नेणार होते. त्याआधी आतलं चांगलं लाकूडकाम सोडवून घ्यायचं आणि जहाजाची हकिगत लिहून ठेवायची, असं ठरलं होतं. कुठला स्क्रू कशामागे लपलाय हे ठाऊक असलेला माणूस आता एकच उरला होता. सव्वीस वर्षं या जहाजावर सुतारकी करून घरी बसलेल्या मिस्त्रींना म्हणूनच निरोप गेला होता. काम सहा दिवसांचं. आज त्यातला पाचवा दिवस.

“हिला थोरली का म्हणतात?” बाईंनी विचारलं.

“कंपनीची दोन जहाजं होती. ही आधीची, म्हणून थोरली. धाकटी दिसायला उजवी, पण वाऱ्यात फार लोळायची. थोरली कशी, लाट आली की आधी जरा थांबणार, मग मान तुकवणार. घरातल्या थोरलीसारखीच.”

बाई लिहून घेत होत्या. मिस्त्रींना ते आवडत होतं. थोरली जन्मली तेव्हा सहलीचं जहाज नव्हतीच, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. अकरा वर्षं ती दोन किनाऱ्यांमध्ये टपाल, गोण्या आणि पोटापाण्यासाठी परक्या देशी निघालेली माणसं वाहत होती. मग विमानांनी तिचं टपालही पळवलं आणि माणसंही. मालकांनी तिला गोदीत घेतलं, मधोमध आडवी कापली, दोन्ही तुकडे लांब ओढले आणि मध्ये तीस मीटरचा नवा तुकडा बसवला. त्यात नाचाचा हॉल, तरणतलाव आणि हा जिना आला. मिस्त्री तेव्हा त्या गोदीत नवखे सुतार होते.

“लोक जहाज पहिल्यांदा बघतात ते अख्खं,” ते म्हणाले. “मी हिला पहिल्यांदा पाहिली ती दोन तुकड्यांत. पोट उघडं, सगळ्या नळ्या बाहेर. वाटलं, ही काय जगते. पण जगली की नाही?”

ते उठले आणि जेवणघराच्या दाराशी जाऊन त्यांनी गालिच्याची कड पायाने उलटली. खाली लोखंडात अर्ध्या बोटाची पायरी होती. जुनं जहाज इथं संपत होतं आणि नवं सुरू होत होतं. कितीही घासलं तरी ते अर्धं बोट काही सपाट झालं नव्हतं, म्हणून सव्वीस वर्षं त्यावर गालिचा होता.

“हे कुणाला माहीत होतं?”

“प्रवाशांना सगळ्यांना. मीच सांगायचो.”

दर फेरीत, एका दुपारी, कॅप्टनच्या परवानगीने मिस्त्री प्रवाशांना जहाज दाखवत. चाळीस-पन्नास माणसं मागोमाग फिरत. नाचाच्या हॉलची जमीन खालून स्प्रिंगांवर तोललेली आहे, पियानोचे पाय जमिनीला बोल्टांनी आवळलेत, वादळात तलावाचं पाणी आधी सोडून द्यावं लागतं, नाहीतर तेच जहाजाला डोलवायला लागतं. आणि एवढं लाकूड दुसऱ्या कुठल्याच जहाजावर नाही. हे सगळं ते असं रंगवून सांगत की शेवटी माणसं टाळ्या वाजवत. पुढे त्याच लाकडाने घात केला. आगीचे नवे नियम आले, जहाजावर इतकं लाकूड चालणार नाही म्हणाले, आणि थोरली बाद झाली.

दुपारी बाई कचेरीच्या केबिनमधून एक जाड नोंदवही घेऊन आल्या. कुटुंबपासांची वही होती ती. वर्षातून एकदा, गर्दी नसलेल्या दिवसांत, प्रत्येक कामगाराला बायकोमुलांना आठवडाभर जहाजावर आणता येई. आचारी, वाढपी, इंजिनवाले, धोबी, सगळ्यांच्या नावापुढे माणसं लिहिलेली होती. ‘सुतार’ या ओळीत मात्र दर वर्षी मिस्त्रींच्या गोल अक्षरात दोनच शब्द होते: ‘घेणार नाही.’ खाली सही.

“तुमचं लग्न उशिरा झालं का?” बाईंनी सहज विचारलं.

“नाही. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी.”

“मग?”

मिस्त्रींनी पेचकस उचलला.

“तिला बोट लागते,” ते म्हणाले.

बाईंनी मान डोलावली. मग पान उलटता उलटता त्यांच्या मनात काहीतरी आलं असावं, पण त्यांनी विचारलं नाही. कधी बोटीत पायच न ठेवलेल्या बाईला बोट लागते हे कळलं कसं? मिस्त्रींनी तोवर अकरावा स्क्रू सोडून बारावा धरला होता.

लग्नानंतर पहिल्या वर्षी खरोखरच जमलं नव्हतं. आई अंथरुणाला खिळलेली होती. दुसऱ्या वर्षी मुलगी तान्ही होती. तिसऱ्या वर्षी कारण नव्हतं. तिसऱ्या वर्षी वही पुढे आली तेव्हा मिस्त्रींनी क्षणभर पेन हातात धरून ठेवलं आणि मग तेच लिहिलं. घरी सांगितलं, खालच्या कामगारांना पास देत नाहीत.

बायकोवर राग नव्हता. ती गुणाची होती, घर तिनेच सांभाळलं होतं. पण घरी गेलं की ते कर्ते होत. कुणाचं लग्न अडलेलं, कुणाचं छप्पर गळतंय, कुणाला समज द्यायची आहे, असं सगळं त्यांची वाट बघत साचून राहिलेलं असे. सुट्टीचे दोन महिने ते हूं, नाही, बघू, एवढंच बोलत. थोरलीवर पाय ठेवला की मात्र जीभ सुटे. हे दोन मिस्त्री एका जागी आणायची त्यांना भीती वाटली होती. पुढच्या वर्षी आणू, असं म्हणत म्हणत वर्षं गेली, आणि एक दिवस जहाजच बंद झालं.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बायको खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्याला बटणं लावत होती. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. घरात आता दोघंच. मिस्त्रींनी हातपाय धुतले, चहा घेतला, कप विसळून पालथा ठेवला. एरवी ते पेपर उघडत. आज उघडला नाही.

“उद्या शेवटचा दिवस कामाचा,” ते म्हणाले. “मग नेतायत तिला.”

“हं.”

“येतेस का बघायला?”

तिने दोरा दाताने तोडला. सुई अभ्र्यात टोचून ठेवली.

“जेवणघराच्या दाराशी गालिचा आहे का अजून?”

“आहे की. आजच उलटला,” मिस्त्री म्हणाले आणि थांबले. त्या दाराबद्दल, त्या गालिच्याबद्दल त्यांनी घरी कधी चकार शब्द काढला नव्हता.

“तुला काय माहीत गालिचा?”

“पाहिलाय मी,” ती म्हणाली. “पोरगी सहा वर्षांची होती तेव्हा. तुमचं जहाज दोन दिवस आपल्याच बंदराला लागलं होतं, आणि तुमचा निरोप आला होता की काम फार आहे, घरी यायला जमणार नाही. आचाऱ्याची बायको म्हणाली, आज जहाज सगळ्यांना बघायला खुलं आहे, चल. गेलो आम्ही.”

“मला कुणी बोललं नाही.”

“मीच नको म्हटलं तिला. तुम्ही माणसांना घेऊन फिरत होता. आम्ही मागे होतो, अगदी शेवटी. तुम्ही तो गालिचा पायाने उलटा केलात आणि म्हणालात, इथं पाय ठेवा, आता तुम्ही अर्धे जुन्यात आणि अर्धे नव्यात. लोक हसले. पोरगी बाबा म्हणून ओरडणार होती. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.”

बाहेर कुणीतरी सायकलचं पायडल मारत निघून गेलं.

“हाक का नाही मारलीस?”

“मारली असती तर तुम्ही गप्प झाला असतात,” ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती; भाजीत मीठ किती, हे सांगावं तसं तिने सांगितलं. “इतके हसताना मी तुम्हाला घरी पाहिलं नव्हतं. म्हटलं, असू दे. पोरीला खाऊ घेतला आणि परत आलो.”

“आणि पासाचं?”

“आचाऱ्याची बायको दर वर्षी फोटो दाखवायची, अहो. मला काय कळत नव्हतं?”

एवढं बोलून तिने पुन्हा सुई हातात घेतली. चार बटणं राहिली होती. ती चारही लावून होईपर्यंत मिस्त्री समोर बसून होते. माफी मागायचं त्यांच्या मनात आलं, पण तेवीस-चोवीस वर्षांची माफी एकदम कशी मागतात हे काही त्यांना कळेना.

सकाळी तीच आधी तयार होऊन बसली होती. ठेवणीतली साडी नव्हती, पण इस्त्रीची होती.

जहाजाच्या फळीवरून चढताना तिने मिस्त्रींचा हात धरला. तिचे गुडघे दुखत होते. वर बाई वही घेऊन उभ्याच होत्या. ओळख झाल्यावर त्या काळजीने म्हणाल्या,

“तुम्हाला बोट लागते ना? बसायला खुर्ची देऊ?”

बायकोने मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री दोरखंडाकडे पाहत होते.

“लागते,” ती म्हणाली. “पण थोडीशीच.”

नाचाच्या हॉलमध्ये आल्यावर मिस्त्रींनी घसा खाकरला आणि सुरुवात केली. “तर ही जमीन, ही जी आहे ती, खालून…” शब्द तेच होते, हजार वेळा म्हटलेले. पण समोर पन्नास अनोळखी तोंडं नव्हती. एकच होतं, आणि ते नीट ऐकत होतं. मिस्त्रींचं वाक्य अर्ध्यातच विरून गेलं. पियानो निघून गेलेल्या जागी चार बोल्ट वर आले होते, तिकडे त्यांनी नुसतंच बोट दाखवलं.

“ते ऐकलंय मी,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही राहत कुठे होता, ते दाखवा.”

तिथे कुणालाच कधी नेलं नव्हतं. जिना संपला, मग लोखंडी शिडी लागली, मग दुसरी. प्रत्येक पायरीला ती दोन्ही पाय टेकवून उतरत होती. खाली दिवे कधीच बंद झाले होते. मिस्त्रींनी बॅटरी लावली. अरुंद बोळात दोन्ही बाजूंना सारखीच पत्र्याची दारं होती. डावीकडचं सहावं त्यांनी ढकललं.

आत एकावर एक निजायच्या दोन फळ्या, एक कपाट, एक हुक. गादी कुणीतरी नेली होती. तिने चारही भिंतींवर नजर फिरवली, मग मिस्त्रींच्या हातातली बॅटरी घेऊन पुन्हा फिरवली.

“खिडकी?”

“इथं बाहेर पाणीच. खिडकी कुठली असणार.”

“सव्वीस वर्षं?”

“हं.”

संध्याकाळी दिवा लावताना आपल्या मनात रोज यायचं, की आत्ता हे खिडकीशी बसले असतील, समोर समुद्र असेल, असं ती म्हणाली. कधी त्याचा राग यायचा, कधी बरं वाटायचं.

मग ती वाकली आणि खालच्या फळीची लांबी हाताने मोजू लागली, वीत वीत करत. भिंतीला हात लागला तेव्हा तिने मिस्त्रींना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“तुम्ही मावत नाही यात.”

“पाय दुमडायचे. कुशीवर. भिंतीकडे तोंड केलं की मावतो.”

“घरीही तसेच झोपता, भिंतीकडे तोंड करून. कायमचे घरी आल्यापासून, आजपर्यंत.”

“सवय लागली.”

ती फळीच्या कडेवर टेकली. बॅटरी मांडीवर पालथी ठेवली, तिचा उजेड खाली जमिनीवर पडला.

“मला वाटायचं…” ती म्हणाली आणि थांबली.

वरून, फार लांबून, कुणीतरी लोखंडावर हातोडा मारत होतं. एरवी मिस्त्रींनी लगेच वर जाऊन काय चाललंय ते पाहिलं असतं.

“काय वाटायचं?” त्यांनी विचारलं.

ती थोडी आत सरकली.

“सांगते,” ती म्हणाली. “आधी बसा.”