कुमुदिनीच्या वस्तू

धुके आले की पन्हाळा हलके हलके पुसला जातो. आधी दरी जाते, मग तटाची काळी कड जाते, मग सुरूंच्या रांगा एकेक करून त्या शुभ्र, शीतल श्वासात विरून जातात. आणि उरतो तो फक्त पानांवरून ओघळणाऱ्या थेंबांचा नाद. टप, टप, टप. कुणीतरी अनवाणी चालत यावे आणि उंबऱ्याशी थबकावे, तसा.

आश्विन सरत आला होता. गडाच्या टोकावरच्या एका भाड्याच्या बंगल्यात, अशाच एका धूसर सकाळी, वृंदा घोरपडे नायिका म्हणून पहिल्यांदा आरशासमोर बसली. आजवर ती नायिकेच्या मैत्रिणी झाली होती, नणंदा झाली होती, पाण्याचा तांब्या ठेवून निघून जाणाऱ्या सावल्या झाली होती. गडहिंग्लजला मामाच्या दारी वाढलेली पोर ती. तिच्याकडे थांबून, निरखून कुणी पाहिले नव्हते.

बापूसाहेब इंगवले मात्र पाहत. प्रेमाचे चित्रपट करावेत ते बापूसाहेबांनीच, असे कोल्हापुरात म्हणत. आणि त्यांच्या चित्रपटात प्रेम हा शब्द कुणी कधी उच्चारीत नसे.

“माणसं बोलतात, म्हणून खोटं बोलतात,” ते तिला म्हणाले होते. “वस्तू बोलत नाहीत. दाराशी दोन छत्र्या टेकलेल्या दिसल्या, की संसार दिसला. एकच दिसली, की विरह. अभिनय त्यांना करू द्या, बाई. तुम्ही फक्त त्यांना हात लावा.”

आणि मग एका पत्र्याच्या ट्रंकेतून त्या वस्तू निघाल्या. शिसवी फणेरपेटी, तिच्यातला कडा काळवंडलेला इवलासा आरसा. शिंगाची फणी. निळ्या काठाचे दोन कप. शेवाळी रंगाची मऊ शाल. त्या बाजारातून आणलेल्या वस्तू नव्हत्या. पेटीतल्या कुंकवावर बोटाचा खळगा होता. शालीला कापराचा वास होता, आणि कापराच्या तळाशी आणखी एक वास होता. बकुळीचा, केसांचा, कुणाच्या तरी झोपेचा.

वृंदाने फणी उचलली, आणि ती तिच्या बोटांत ओळखीच्या बोटांसारखी गुंतली.

“अगं, भांग डावीकडं का पाडलास?” गोदाक्काने विचारले. गोदाक्का म्हणजे नट्यांची वेशभूषा, केशभूषा सांभाळणारी, पिकल्या केसांची, दांडग्या मायेची बाई.

“डावीकडे? मी मधेच पाडलाय.”

वृंदाने आरशात पाहिले. काळ्याभोर रानातून जाणाऱ्या पांढऱ्या पाऊलवाटेसारखा तिचा भांग डावीकडे वळून गेला होता.

मग दिवसामागून दिवस धुक्यातून येत राहिले, धुक्यात जात राहिले. वृंदा कप धरी तो ओंजळीत, चिमणीचे पिल्लू धरावे तसा. घोट घेण्याआधी ती त्याची कड गालाला लावी. हे तिला कुणी शिकवले नव्हते. असे करताना ती दिसली, की कॅमेऱ्याआडून एक श्वास खोल, खोल ओढला जाई. तो श्वास आपल्यासाठी आहे, असे तिला वाटे. वाळवंटाला थेंब पुरतो. तिला तो श्वास पुरला.

एका संध्याकाळी, केशरी उजेड धुक्यात विरघळत असताना, व्हरांड्यात बापूसाहेब म्हणाले, “सिनेमा संपला, की माझ्या घरी या. कायमच्या. घर तुमचंच आहे.”

तिने मान खाली घातली. त्या मान खाली घालण्यात सारा होकार होता.

गोदाक्काने ते ऐकले आणि वृंदाच्या चेहऱ्यावरचा रंग पुसता पुसता तिचा हात थांबला. “कुणाचं सामान हाय ठाऊक हाय का तुला? कुमुदिनीवैनींचं. बापूसाहेबांच्या मंडळीचं. बाळंतपणात गेल्या बिचाऱ्या. त्यांचीबी येणी मीच घातलीया, पोरी. भांग डावीकडंच असायचा.”

दुसऱ्या दिवशी वृंदाने आपल्या स्वतःच्या, पिवळ्या, साध्या फणीने भांग अगदी मधोमध पाडला. मधोमध आहे याची बोटाने खात्री केली. आरशापाशी गेली. भांग डावीकडे होता.

अखेरचे दृश्य दुपारी होते. खिडक्यांशी धुके गाल टेकून उभे होते. टेबलावर दोन कप, दोन्ही रिकामे. नायिकेने आपला कप उचलायचा आणि दाराकडे पाहायचे, एवढेच. वृंदाने कप उचलला, आणि तिच्या तळव्यांना ऊब लागली. रिकाम्या, कोरड्या, थंडगार असायला हव्या त्या कपाला ऊब होती. नुकताच कुणाच्या हातातून सुटल्यासारखी.

“कुमू,” कॅमेऱ्याआडून बापूसाहेबांचा आवाज आला, “चहा निवला गं.”

“आले हं,” वृंदाच्या तोंडून उत्तर गेले.

आवाज तिचा नव्हता. जरा खर्जातला, जरा घोगरा, आतल्या खोलीतून यावा तसा. गोदाक्काने तोंडावर पदर घेतला. कॅमेरा चालूच राहिला. थांबवायचे भान कुणाला उरले नाही. आणि बापूसाहेबांच्या चेहऱ्यावर चांदणे पसरले, आर्त, अथांग, आनंदविव्हल. वृंदाने त्या चेहऱ्यात स्वतःला शोधले. डोळ्यांत शोधले, कपाळावर शोधले, थरथरत्या ओठांत शोधले. ती कुठेच नव्हती.

तिने कप खाली ठेवला. प्रकाशाच्या वर्तुळातून ती बाहेर आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

“बापूसाहेब, माझं नाव घ्या.”

त्यांची नजर तिच्या भांगावर गेली.

“एकदाच. आजवर तुम्ही मला बाई म्हणालात. नुसतं बाई. मी कोण आहे ते सांगा.”

ते दुष्ट नव्हते. त्यांनी खरोखर शोधले. बुडालेली घागर विहिरीत गळ टाकून शोधावी, तसे शोधले. मग अतिशय कोवळ्या स्वरात, विनवणी करावी तसे ते म्हणाले, “अशा उभ्या राहू नका. ती अशी उभी राहत नसे.”

वृंदाने शाल उतरवली, हळूच घडी केली, खुर्चीच्या पाठीवर ठेवली. “ज्यांचं घर आहे, त्यांनाच न्या,” ती म्हणाली. “मी येणार नाही.”

आतल्या खोलीत गोदाक्काने तिची वेणी सोडली, फणी न घेता बोटांनीच केस विंचरले आणि म्हणाली, “वृंदे, चल.” नुसते नाव. पण ते ऐकले, आणि तिचा इतका वेळ अडलेला हुंदका फुटला. वळणावळणाने एसटी गड उतरू लागली. एका वळणाला धुके फाटले, आणि हिरवा, उघडा, निःशंक ऊस उन्हात लखलखला.

चित्रपट माघात लागला. बायका पदराने डोळे पुसत बाहेर पडत. एका दुपारी वृंदा गोदाक्काला घेऊन गेली. पडद्यावर एक स्त्री वावरत होती. नाक वृंदाचे, हनुवटी वृंदाची. पण तिची ओळख पटत नव्हती. वृंदाला वाटले होते मत्सर होईल. झाला नाही. कुण्या परक्या घरातला सुखी दिवा रस्त्यावरून दिसावा, तसे ते दिसले. ती पाहत राहिली, आणि तिचा जीव हलका हलका होत गेला.

मग तिला दोन रांगा पुढे बापूसाहेब दिसले. सारे थिएटर भरलेले. त्यांच्या शेजारची एक खुर्ची तेवढी मोकळी. त्या थिएटरातल्या खुर्च्या अशा, की माणूस उठला की बैठक आपोआप वर जाऊन मिटते. ती मिटलेली नव्हती.

दिवे लागले. गर्दी सरली. बापूसाहेब उठले, धोतराचा सोगा सावरला, आणि आपल्या माणसासाठी थांबावे तसे किंचित थांबले. आणि शेजारची ती मोकळी खुर्ची, अलगद, निःशब्द, कुणीतरी नुकतेच उठावे तशी, मिटत मिटत मिटून गेली.