डाव्या हाताचा घास

मी बोलतोय ते बीदरजवळून, कमठाण्याच्या रस्त्याला लागून असलेल्या हेमावतीअक्कांच्या रोपवाटिकेतून. मी तिथलं एक टेबल. देखणा वगैरे अजिबात नाही. कडुनिंबाच्या तीन रुंद फळ्या आणि चार जाड पाय, एवढाच माझा देह.

आधी मी याच रानाच्या बांधावरचं झाड होतो. रस्ता रुंद झाला तेव्हा मला तोडलं. माझं सरपण करायला अक्कांचा जीव धजला नाही, म्हणून त्यांनी सुतार बोलावला. सुरुवातीची वर्षं माझ्यावर फक्त माती असायची, लाल माती आणि शेणखत. कामाच्या बायका माझ्याभोवती उभ्या राहून पिशव्या भरायच्या, त्यांत जास्वंदीच्या काड्या खोचायच्या आणि घरादाराच्या गोष्टी करायच्या. पुढं त्या कामाला सिमेंटचा ओटा झाला आणि मी शेडच्या मागं जाऊन पडलो. माझ्यावर फुटक्या कुंड्या रचल्या. त्यातल्या एकीत मांजर व्याली, तेवढीच काय ती सोबत.

मग अक्कांच्या सुनेच्या मनात आलं, रोपं बघायला आलेली माणसं इतका वेळ फिरतात, त्यांना बसायला जागा आणि चहा का देऊ नये? चहाचं हळूहळू जेवण झालं. मला घासूनपुसून तेल पाजलं आणि मोगऱ्याच्या कुंड्यांशेजारी, हिरव्या जाळीखाली उभं केलं. आता माझ्यावर डोसा येतो, कॉफी येते, पोरांसाठी नूडल्स येतात. संध्याकाळी ज्वारीची गरम भाकरी आणि भरल्या वांग्याची एणगाई.

माणसं जेवायला बसली की आधी मोबाइल माझ्यावर पालथा ठेवतात आणि दुसऱ्या घासाला उलटून बघतात. भांडून आलेली माणसं मिठाची डबी एकमेकांच्या हातात देत नाहीत, माझ्यावरून ढकलतात. असं बरंच बघितलंय मी. पण एक संध्याकाळ माझ्या लाकडात मुरलीय, ती सांगतो.

मागच्या थंडीत एका रविवारी पाच जणांचं एक कुटुंब आलं. शाळेत शिक्षक असलेला राजपाल, त्याची बायको पंचशीला, त्यांची नऊ वर्षांची उत्पला आणि राजपालचे आईवडील, कोंडाबाई आणि भीमराज. म्हातारा-म्हातारी जन्मभर शेतात राबलेली, आता लेकाकडं बीदरला राहायला आलेली. कोंडाबाई लेकाच्या खांद्याला धरून, एक पाय ओढत चालत होत्या. खुर्चीत बसल्यावर राजपालनं त्यांचा उजवा हात उचलला आणि अलगद माझ्यावर ठेवला. तो हात जिथं ठेवला तिथंच राहिला.

पंचशीला दवाखान्यात नर्स होती. जेवण सांगायला ती अक्कांकडं गेली, तेव्हा खालच्या आवाजात सगळं सांगून आली. पावसाळ्यात सासूबाईंच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं होतं. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, हात काही हलेना. डॉक्टर म्हणाले, डाव्या हाताची सवय करा. पण डाव्या हातानं अन्नाला शिवायचं म्हटलं की कोंडाबाईंचं तोंड मिटायचं. दार लावून पंचशीला चमच्यानं भरवायची, तर चार चमच्यांत मान फिरवायच्या. सुनेला दिवसभराचं काम, त्यात आपलं ओझं नको, हे त्यामागचं खरं कारण. अंगावरची चोळी ढगळ झाली होती. चार माणसांत बसवलं तर कदाचित जेवतील, अशा आशेनं पंचशीलानंच आज सगळ्यांना बाहेर काढलं होतं.

भाकरी आली. पंचशीलानं तिचे बारीक तुकडे करून सासूपुढं ठेवले आणि आपल्या ताटाकडं वळली. कोंडाबाईंनी इकडंतिकडं बघितलं. मग पदराखालून डावा हात निघाला आणि माझ्या कडेवर येऊन थांबला. त्यांनी एक तुकडा उचलला, वांग्याच्या रश्श्यात टेकवला आणि वर नेला.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची एक लहान मुलगी मोठ्यानं म्हणाली, "मम्मी, ती आजी उलट्या हातानं खायलीय बघ."

आईनं तिला गप्प केलं. पण तोंडाशी गेलेला तुकडा माझ्यावर पडला होता आणि हात परत पदराखाली गेला होता.

"मला भूक न्हाई," कोंडाबाई म्हणाल्या. "तुमी खावा. लवकर घरी जाऊ."

राजपाल शेजारच्यांना काहीतरी बोलायला उठत होता. अशा वेळी लेकावर खेकसणारे बापही मी पाहिले आहेत. पण भीमराजांनी नुसती मान हलवून लेकाला खाली बसवलं. मग आपलं ताट पुढं ओढलं, उजवा हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हातानं भाकरी तोडायला लागले.

भाकरी तुटेना. ताटात गोल फिरली, पेल्याला धडकली, पाणी माझ्यावर सांडलं. त्यांनी तिला पुन्हा ताटात ओढलं. एक वेडावाकडा तुकडा निघाला, तो तोंडापर्यंत जाईतो रस्सा पांढऱ्या सदऱ्यावर ओघळला. घरच्यांना वाटलं असेल की ते मुद्दाम अडखळतायत. पण मला त्या हाताचा भार कळत होता. त्याला खरंच येत नव्हतं.

उत्पलानं विचारलं, "आजा, तू डाव्या हातानं कामून खायलास?"

"शिकायलोय," भीमराज म्हणाले. "तुझ्या आजीला या वयात एकटीला शाळंत जायची लाज वाटायलीय. म्हणून मीबी नाव घातलंय पहिलीत."

भीमराज पुन्हा भाकरीशी झटू लागले. कोंडाबाई बघत राहिल्या. उभ्या जन्मात त्यांनी थापलेल्या भाकरींची गणती नाही, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत हा माणूस भाकरीचा भुगा करत होता. शेवटी त्यांना राहवेना.

"तसं न्हाई," त्या म्हणाल्या.

"मग कसं?"

"मधनं कामून तोडायलाव? तळव्यानं दाबून धरा. काठाकडनं धरा, पापुद्रा आपसूक सुटतो."

"जमंना बघ मला."

कोंडाबाईंनी त्यांचं ताट आपल्याकडं ओढून घेतलं. डाव्या हाताचा तळवा भाकरीवर दाबला, बोटांनी काठ पकडला आणि हलकेच ओढला. पापुद्रा अख्खा सुटून आला. तो त्यांनी रश्श्यात बुडवला.

"हं. असं," म्हणाल्या आणि घास तोंडात घातला.

मग सगळ्यांनी आपापल्या ताटात बघितलं. पंचशीला मात्र उठली आणि मोगऱ्याच्या कुंड्यांपाशी पाठ करून बराच वेळ उभी राहिली. कोंडाबाई सावकाश चावत होत्या. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. अख्खी भाकरी संपली तेव्हा त्यांनीच अक्कांना हाक मारून आणखी एक मागितली, आणि वांग्यात तिखट कमी पडलंय हेही सांगितलं.

आता माझंही वय झालंय. सांधे सैल झालेत, एका पायाला वाळवी लागलीय. दिवाळीनंतर लोखंडी टेबलं येणार, असं अक्कांची सून म्हणत होती. मला त्याचं वाईट वाटत नाही. इतकंच मागणं आहे, तुम्ही कुठंही जेवायला बसलात आणि शेजारी कुणाचा हात अडखळताना दिसला, घास सांडताना दिसला, तर नजर आपल्या ताटात ठेवा. माणसाला जेवायला अन्नाइतकीच तेवढी आडोशाची जागा लागते.

परवाच्या रविवारी ती मंडळी पुन्हा आली होती. कोंडाबाईंची चोळी आता अंगाला नीट बसते. भीमराजांचा डावा हातही चांगला सरावलाय, सदऱ्यावर डाग पडत नाही. उत्पला त्यांना म्हणाली, आजीला आता येतंय, तुलाही येतंय, मग तू आता उजव्या हातानं खा की.

"उजवा रिकामा न्हाई," भीमराज म्हणाले.

तो माझ्यावर होता, कोंडाबाईंच्या न हलणाऱ्या हातावर ठेवलेला.