तळहाताएवढे

"काढ ती. आत्ताच्या आत्ता काढ."

किडकिडीत असल्यानं जिला सगळे काडी म्हणत, त्या पोरीनं पोहण्याच्या तलावाच्या काठाला धरून मान वर केली. गॉगलमुळे डोळे दिसत नव्हते, पण चोरी पकडल्यासारखे तिचे ओठ घट्ट मिटले होते. तिच्या दोन्ही हातांना पाणी ओढायची, निळ्या प्लास्टिकची चपटी पॅडल्स बांधलेली होती आणि ती पोहायला शिकवणाऱ्या ताईनं दिलेली नव्हती. ताईनं दिलेली पॅडल्स तळहाताहून जेमतेम बोटभर मोठी होती. ही जेवायच्या ताटलीएवढी होती.

"कुणी दिली?"

काडीनं उथळ बाजूकडे पाहिलं. तिथे कमरेएवढ्या पाण्यात, दांडी धरून, मास्तर उभे होते.

"तिला काय विचारतेस? मी दिली," मास्तर तिथूनच ओरडले. "तुझ्या त्या बिस्किटांनी पोरगी जन्मात जिंकायची नाही."

पलीकडच्या लेनमधली पोरं थांबून ऐकायला लागली. ताई काठावर बसली आणि काडीच्या मनगटावरचं रबर तिनं स्वतःच ओढून काढलं. पॅडल उलटं केलं, तेव्हा मागच्या बाजूला कर्कटकानं कोरलेली एक वेडीवाकडी मासोळी दिसली. ती मासोळी तिनंच कोरली होती, काडीपेक्षाही लहान असताना. ही जोडी तिनं स्वतःच्या हातानं कचऱ्याच्या डब्यात टाकली होती. म्हणजे मास्तरांनी ती डब्यातून काढली, धुतली, पुसली आणि इतकी वर्षं जपून ठेवली.

"ताई, मोठ्या पॅडलनं पाणी जास्त धरता येतं," काडी हळूच म्हणाली. "मी सुसाट जाते."

"पॅडल जातं सुसाट. तुझा खांदा त्याच्यामागे फरफटत जातो."

"पण जाते ना?"

आणि ती खरंच जात होती.

मास्तर म्हणजे ताईचे वडील. घरी बाबा, तलावावर मास्तर. हा नियम त्यांनीच घातला होता. लहानपणी एकदा पाण्यात घाबरून ती "बाबा" म्हणून ओरडली, तर त्यांनी तिला तसंच तरंगत ठेवलं आणि "मास्तर" म्हटल्यावरच हात दिला. त्यांच्या हाताखालून पोहणारे खूप गेले, पण नाव झालं ते मुलीमुळे. एकामागून एक स्पर्धा तिनं मारल्या. मग उजवा खांदा दुखू लागला. मास्तर म्हणाले, दुखतंय म्हणजे काम होतंय. पॅडल्स मोठी झाली, घोट्यांना सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला गेला. पाय जखडलेले असले की सगळा भार हातांवर येतो आणि हात लोखंडाचे होतात, अशी त्यांची पद्धत. तिचा हात लोखंडाचा झाला नाही. खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर तो हात खांद्याच्या वर कधी गेलाच नाही. वरच्या फळीवरचा डबा काढायला ती अजून स्टूल घेते.

आता ती त्याच तलावावर शिकवत होती. तिची पद्धत बरोबर उलटी. पॅडल्स लहान, मनगटाचं रबर कापून टाकलेलं, फक्त मधल्या बोटात एक वळं. हात वाकडा पडला की पाणीच पॅडल हिसकावून घेतं, कुणी ओरडावं लागत नाही. आणि पॅडल्स हातात असतील तेव्हा पायात बदकाच्या पंजासारख्या, आखूड रबरी फिन्स हव्यातच, म्हणजे पाय जोर लावतात आणि खांद्यावरचा भार वाटला जातो. तिच्याकडची पोरं सावकाश पुढे यायची. पण बिनदुखण्याची यायची.

आई गेल्यापासून बापलेक एकाच घरात राहत होते. मास्तरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी पाण्यात मऊ फिन्स घालून पाय हलवायला सांगितलं. त्यांना वाकता येत नव्हतं. त्यामुळे रोज सकाळी ताई त्यांच्या पायांशी बसून फिन्स चढवायची.

"आधी ओलं कर. कोरड्या पायाला घालतात का? काय शिकवतेस पोरांना, देव जाणे."

"पाय सैल सोडा."

"सैलच आहे. तुझ्याच हातात जोर नाही."

हे रोजचंच होतं, आणि ते तिनं सोसलं असतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणून सोडून दिलं असतं. पण ती निळी पॅडल्स सोडून देण्यासारखी नव्हती. तिनं ती कपाटात घालून कुलूप लावलं.

त्याच दिवशी संध्याकाळी काडीची आई आली. ती एका कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे हसून हसून तिचा चेहरा आंबलेला असायचा, आणि तलावावर आली की ती हसायची बंद व्हायची.

"ताई, तुम्ही तिची पॅडलं काढून घेतलीत म्हणे?"

"ती तिच्या मापाची नाहीत."

"मास्तर म्हणतात, आहेत."

"तिला मी शिकवते."

"तेच म्हणतेय मी. तुम्ही शिकवता, म्हणून ती कायम चौथी." आईनं पदर खोचला. "निवड झाली तर खेळाडूंच्या वसतिगृहात जागा मिळेल. राहणं, खाणं, शाळा, सगळं तिकडे. नाही झाली तर ती माझ्या शेजारी काउंटरवर उभी राहील. मला सावकाशीनं परवडत नाही, ताई. मास्तरांनी चॅम्पियन घडवलेत."

"एक घडवली होती. ही बघा." ताईनं उजवा हात वर करायला घेतला. हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला.

काडीच्या आईनं तो हात नीट पाहिला. मग म्हणाली, "तुमच्या नशिबाचा राग माझ्या पोरीवर काढू नका."

चार-पाच दिवस शांततेत गेले. ताईला वाटलं, मिटलं. मग एका सकाळी पाण्याला औषधाचा उग्र वास यायला लागला, म्हणून ती पंपाच्या खोलीत बघायला गेली. परत आली तेव्हा मास्तर दांडीला टेकून काठीनं काठावर ताल देत होते. "ओढ! ओढ! खेच!" काठावर काडीची आई टॉवेल घेऊन उभी होती. आणि मधल्या लेनमध्ये काडी येत होती. हातांना नवीकोरी पॅडल्स, दुकानाचं लेबल अजून तसंच चिकटलेलं. पाय मात्र हलत नव्हते. दोन्ही घोट्यांना काळ्या ट्यूबचा वेढा होता. तिचा उजवा हात पाण्यात शिरताना आत वळत होता, कोपर खाली पडत होतं आणि प्रत्येक वेळी डोकं त्या बाजूला झुकत होतं. तशी मान कशामुळे झुकते, हे ताईच्या मानेला माहीत होतं.

ती कपड्यांनिशी पाण्यात उतरली. डाव्या हातानं पाणी कापत मधल्या लेनपर्यंत गेली, बुडी मारली आणि ट्यूब ओढून काढली.

काडी खोकत उभी राहिली. "सोडा मला! माझी फेरी मोडलीत तुम्ही!"

"खांदा दुखतोय ना तुझा?"

"नाही दुखत!"

"खोटं बोलू नकोस."

"दुखला तर माझा दुखेल! तुमचा का जीव जातो?" काडी किंचाळली. तिनं पाण्यावर पॅडल आपटलं, ते ताईच्या गालाला घासून गेलं. मुद्दाम नसेल. पण तिनं माफीही मागितली नाही.

ताई चालत उथळ बाजूला आली. ओला कुडता अंगाला चिकटला होता, गालावर लाल रेघ उठली होती.

"मास्तर, बाहेर व्हा."

"काय म्हणालीस?"

"तलावाच्या बाहेर व्हा. उद्यापासून यायचं नाही."

मास्तर हसले. "बापाला हाकलतेस?"

"मास्तरांना हाकलते. बाबा घरी आले की त्यांना जेवायला वाढीन."

मास्तरांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण त्यात काही उरलं नाही. मग ते प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाले, "तुझा खांदा पॅडलनं नाही गेला. आळसानं गेला. मी कुणाला बोललो नाही कधी. लाज वाटायची मला."

ताई पायऱ्यांजवळ जाऊन खाली बसली आणि त्यांच्या पायातल्या फिन्स काढायला तिनं हात पुढे केला.

"हात लावू नकोस."

"पडाल."

"पडू दे."

ते दांडीला धरून एकेक पायरी चढले आणि काठावर आले. फिन्स घालून पुढे चालता येत नाही. पुढची पाती दुमडतात आणि माणूस तोंडावर आपटतो. फिन्स घालून चालायचं तर उलटं चालावं लागतं. तसे मास्तर उलटे चालू लागले. काठी मागे टेकून फरशी चाचपत, दुखरा गुडघा ओढत, फटक फटक आवाज करत ते मागे मागे जात राहिले. त्यामुळे निघून जाताना त्यांचं तोंड सबंध वेळ मुलीकडेच होतं. कुणीतरी पोर फिदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. ताई तिथेच उभी राहिली. त्यांनी डोळे काढून घेतले नाहीत, तिनंही नाही. कपडे बदलायच्या खोलीचं दार त्यांच्या पाठीला लागलं, तेव्हाच ते वळले.

दुसऱ्या दिवसापासून काडी आली नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक तलाव होता. तिथे तिची आई तिला नेऊ लागली आणि मास्तर सकाळच्या बसनं तिकडे जाऊ लागले. फिन्स कोण चढवतं, हे ताईनं विचारलं नाही. घरात दोघं बोलत नव्हते. ती ताट वाढायची, ते जेवायचे आणि ताट सरकवून उठायचे. कधी बोललेच तर भिंतीकडे बघून बोलायचे. "पोरगी उडतेय आता." भिंत ऐकून घ्यायची.

निवड स्पर्धा झाली. दोन दिवसांनी दुपारी ताई घरी आली, तर वर्तमानपत्राचं पान तिच्या जेवायच्या जागेवर पसरून ठेवलेलं होतं. काडी दुसरी आली होती. वसतिगृहात तिची जागा पक्की झाली होती. बातमीत मास्तरांचंही नाव होतं.

ताईनं बातमीखालचा फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग पान जराही न चुरगळता उचलून मास्तरांच्या पुढ्यात ठेवलं आणि त्यांचं ताट वाढायला घेतलं.

"काय? बोल की," मास्तर म्हणाले. कित्येक आठवड्यांत ते पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलत होते. "हरले म्हण. तोंड झडणार नाही तुझं."

"चष्मा लावा."

"काय?"

"चष्मा लावा आणि बघा."

त्यांनी चष्मा लावला. फोटोत तीन मुली उभ्या होत्या. तिघींनी फुलांचे गुच्छ डोक्यावर उंच धरले होते. पहिलीचा आणि तिसरीचा उजवा हात वर होता. काडीचा डावा. उजवा हात तिनं कोपरात मुडपून पोटाशी धरला होता, न दिसणाऱ्या झोळीत ठेवल्यासारखा. हसत मात्र ती सगळ्यात जास्त होती.

मास्तरांनी कागद जवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"डावखुरी असेल," ते म्हणाले.

काडी कुठल्या हातानं केस बांधते, कुठल्या हातानं दप्तर उचलते, हे त्या घरात दोघांनाही माहीत होतं.

"फोटोवाल्यानं तसं उभं केलं असेल," ते पुन्हा म्हणाले, पण हे भिंतीकडे बघून. जेवण निवत गेलं. त्यांनी दोन घास खाल्ले आणि वर्तमानपत्राची घडी घातली. ती नीट बसेना, म्हणून पुन्हा उलगडून घातली.

वसतिगृह सुरू व्हायला अजून काही दिवस होते आणि तोवर काडीचा सराव मास्तरांकडेच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे वेळेवर तयार झाले, पिशवी खांद्याला अडकवली, काठी घेतली आणि बाहेर पडले. थोड्या वेळानं ताई स्कूटर घेऊन आपल्या तलावाकडे निघाली. कोपऱ्यावर सिग्नलला थांबली, तेव्हा समोरच्या थांब्यावर मास्तर दिसले.

दुसऱ्या टोकाच्या तलावाकडे जाणारी बस आली. दार उघडलं. म्हातारा माणूस, हातात काठी, म्हणून ड्रायव्हर थांबून राहिला. मास्तरांनी हातानंच "जा" अशी खूण केली. बस गेली. ते तिथेच उभे राहिले. मागून त्याच मार्गाची दुसरी बस आली, तिलाही त्यांनी तसाच हात केला. थांब्यावरचं बाकडं रिकामं होतं, तरी ते बसले नाहीत.

सिग्नल सुटला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. तिच्या तलावावर लहान मुलांची तुकडी पाण्यात उतरायची वेळ झाली होती. ताईनं स्कूटर पुढे काढली.