माझ्या पोटातल्या सतरंज्या

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि जुना म्हणजे चांगलाच जुना. माझा पडदा मागून इतका फुगीर, की टेबल भिंतीपासून हातभर पुढे ओढावं लागतं. अकोल्याच्या एका सायबर कॅफेत पोरांनी माझी बटणं बडवून बडवून गुळगुळीत केली. मग मी बाळापुरात गयासुद्दीन यांच्या घरी आलो. ते सतरंज्या विणत. त्यांची मुलगी तहरीम अकोल्याला कॉम्प्युटर शिकायची, तिच्या हट्टामुळे माझी तिथे वर्णी लागली.

ती वर्षं वऱ्हाडाला वाईट होती. कापसाला भाव नव्हता, घरोघरची लग्नं लांबली, सतरंजी कोण मागणार? माग थांबला. त्यातच गयासुद्दीन यांच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला. नमुने सगळे त्यांच्या डोक्यात, कागदावर एकही नाही.

"दिसते तवर भरून घे, बेटा," ते म्हणाले. मग ते मागाशी बसून सांगायचे, "दोन तांबडे, एक काळा, पुन्हा दोन तांबडे," आणि तहरीम माझ्या पडद्यावर एकेका चौकोनात रंग भरायची. पुढे त्यांची नजर पार गेली. समोरचा माग दिसेना, तसे डोक्यातले नमुनेही विस्कटले. सुरुवात सांगायचे आणि मध्येच अडखळायचे. आता ते नमुने फक्त माझ्यापाशी होते, आणि खरं सांगतो, मला त्याची भारी ऐट होती.

मग ईद आली. ईदेआधी घर कसं झाडूनपुसून लख्ख करायचं! तहरीमने भांडी घासली, जाळी काढली आणि जोशात मलाही साफ करायला बसली. माझ्या पोटात चमत्कारिक नावांच्या ढीगभर फाईली. कोणी कधी उघडत नाही, म्हणजे कचराच! अगं बाई, त्यांच्याच जोरावर मी उभा राहतो! पण मला कुठे ओरडता येतं? तिने सगळ्या पुसल्या. तेवढ्यात शेजारचे जानराव आले. त्यांची ज्वारी दाण्यावर आली होती. "पाखरं लय सतावून राहिले. चकाकनारं काई असन तं दे, पोरी." तिने जुन्या सीड्यांचा गठ्ठाच त्यांच्या हाती दिला.

सकाळी माझा पडदा काळाठिक्कर. वर पांढरी अक्षरं: अमुक फाईल सापडत नाही.

दुरुस्तीवाला शालिकराम आला, दोन बटणं दाबली आणि म्हणाला, "फॉरमॅट मारा लागते. सारं पुसून नव्यानं टाकतो."

"अन् आतलं?"

"आतलं जाते नं!"

तहरीमचा चेहरा उतरला. आतून अब्बांनी विचारलं, "काय म्हणते तो?" तिच्याने सांगवेना. तिने शालिकरामला परत पाठवलं आणि अकोल्याला आपल्या बाईंकडे, साधनाताईंकडे धाव घेतली. त्या तिच्यासोबत बाळापूरला आल्या.

"दार मोडलं म्हून कोनी घर पाडते काय?" साधनाताई म्हणाल्या. "नमुने येगळ्या खोलीत हायेत. पुसलेल्या फाईली तेवढ्या परत ठेवू. याच्यासंगं आलेली सीडी कुठी हाय?"

तहरीम रडकुंडीला आली. "बाई, थे तं वावरात टांगली हाय."

दोघी वावरात गेल्या. जानराव सीडी सोडता सोडता कुरकुरले, "अन् मंग पाखरं काय तुमी हाकलान?" पण दिली बिचाऱ्यांनी. ताईंनी मऊ फडक्याने ती मधून काठाकडे पुसली आणि मला भरवली. दुपारी लाइट आली होती, संध्याकाळी पुन्हा जाणार होती. पडद्यावर दोन वाटा आल्या: एक दुरुस्तीची, एक सगळं पुसण्याची. ताईंनी प्रत्येक ओळ दोनदा वाचली, मगच बटण दाबलं. एकेक फाईल आपल्या जागी येऊ लागली. एका फाईलीपाशी मी अडलो. माझा तर जीवच घाबरा झाला! ताईंनी सीडी काढली, पुन्हा पुसली, पुन्हा घातली, आणि गाडी पुढे सरकली.

मी उठलो. नमुने जिथल्या तिथे होते.

तेव्हा कुठे तहरीमने अब्बांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. "वाच," एवढंच म्हणाले. ती एकेक चौकोन वाचू लागली. त्यांची बोटं मांडीवर हलू लागली. तिचं वाचून संपलं तरी बोटं चालूच होती.

"तहरीम, हा डब्बा आज उठला. उद्या नाही उठला तं? चाल, मागावर बस."

"मले नाही येत, अब्बा."

"मले तरी मायच्या पोटात येत होतं काय?"

ती बसली. मी बाजूने रंग दाखवायचो, अब्बा हाताने चाचपून सैल धागा पकडायचे आणि पट्टा उसवायला लावायचे.

मित्रांनो, ज्याचं काम कळत नाही ते पुसू नका. आणि मोलाचं काही असेल, तर ते एकाच पेटीच्या भरवशावर ठेवू नका. पेटी कितीही भली असली तरी एक दिवस बंद पडते. मीही आता बंद पडलो आहे. तहरीम विणताना माझ्याकडे बघतसुद्धा नाही. वाईट वाटतं का? वाटतं की! पण परवा तिने अख्खी सतरंजी कोणाला न विचारता पुरी केली, अब्बांनी त्या विणीवरून हात फिरवला आणि एकही धागा उसवायला सांगितला नाही. आता मला कोणी दुरुस्त नाही केलं, तरी चालेल.